डब्याच्या पत्र्याचे दिवे



वीज यायच्या आधी आपल्या घरोघरी पत्र्याची चिमणी असायची. खाली रॉकेल, वर बारीक नळी, नळीत चिंधीची वात. अशा कितीतरी चिमण्या टाकाऊ डबे कापूनच केलेल्या असत. चिमणीला कुणी कारागिरी म्हटलं नाही. आज ज्या दिव्यांची माहिती सांगणार आहोत, तेही फेकलेल्या डब्यांचेच. पण ते आता संग्रहालयात आहेत आणि त्यांच्यासारखे नवे दिवे चांगल्या किमतीला विकले जातात. हे दिवे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातले, सांता फे शहर आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतले.

तो मुलूख कोरडा, कडक उन्हाचा. मातीत गवत कालवून, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची घरं. भिंती जाड, खिडक्या लहान. म्हणजे आत अंधार, आपल्या जुन्या माळवदाच्या घरासारखाच. लोक स्पॅनिश बोलणारे, शेती करणारे, मेंढरं राखणारे. आधी तिथे स्पेनचं राज्य होतं, १८२१ नंतर मेक्सिकोचं. मेक्सिको शहरापासून सांता फेपर्यंत सुमारे २५०० किलोमीटरची वाट. त्या वाटेने मालाचा तांडा एके काळी तीन तीन वर्षांनी यायचा. लोखंडाचा तुकडासुद्धा जपून ठेवावा लागे, मग भिंतीवर चांदीची दिवठाणी कुठून येणार? मेणबत्ती लावायची ती लाकडाच्या साध्या आधारावर.

१८२१ मध्येच पूर्वेकडून, मिसुरीहून, व्यापारी गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८४६ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने सांता फे घेतलं. व्यापारी आणि सैन्य यांच्याबरोबर आले पत्र्याचे डबे: चरबीचे, दिव्याच्या तेलाचे, शिजवून बंद केलेल्या अन्नाचे. रिकामा डबा फेकून दिला जायचा. तो गावातले कारागीर उचलून आणत.

हा पत्रा म्हणजे काय, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं. लोखंडाचा पातळ पत्रा, त्यावर दोन्ही बाजूंनी कथलाचा थर. आपल्या पितळी पातेल्याला कल्हई करतात तेच कथील. त्यामुळे पत्रा चांदीसारखा चमकतो, लवकर गंजत नाही, साध्या कात्रीने कापता येतो आणि कथील-शिशाचा झाळ त्याला घट्ट धरतो. तिकडे या कामाला ‘गरिबाची चांदी’ असंच म्हणत आले आहेत.

आता डबा केवढा? उलगडला तर हातभरसुद्धा पत्रा निघत नाही. मोठी वस्तू करायची तर पाच-सहा तुकडे जोडायलाच हवेत. जोड दिसतो, मग त्यावर पत्र्याचंच फूल किंवा गोल चकती बसवायची. पातळ पत्रा लवतो, म्हणून त्यावर खिळ्याने ठिपक्यांच्या ओळी आणि चंद्रकोरी ठोकायच्या. त्याने नक्षीही होते आणि पत्रा ताठही राहतो. भिंतीवरच्या मेणबत्तीच्या आधाराला मागे शिंपल्यासारखी पसरट पाठ असते. ती नुसती शोभेची नाही. ज्योतीचा उजेड त्या चकचकीत पाठीवर पडून खोलीत परततो, एका मेणबत्तीत जास्त दिसतं. आज ज्याला आपण ‘जुनी नक्षी’ म्हणून कौतुकाने हात लावतो, ती अशी अडचणीतून निघाली आहे.

१८५१ मध्ये लामी नावाचे फ्रेंच बिशप तिथे आले. त्यांच्या काळात संतांची छापील चित्रं घरोघर पोचली आणि त्यांना पत्र्याच्या चौकटी लागू लागल्या. हातांना काम वाढलं. पण १८८० मध्ये रेल्वे आली. रेल्वेतून काचेचे स्वस्त रॉकेलचे दिवे आले, कारखान्यातल्या चौकटी आल्या. हळूहळू मेणबत्त्यांचे आधार भिंतीवरून उतरले. ज्या बाहेरच्या मालाने पत्रा आणला, त्याच मालाने काम घालवलं.

१९२० नंतर सांता फेमध्ये चित्रकार, लेखक येऊन राहू लागले. त्यांना या वस्तूंचं मोल दिसलं. १९२५ मध्ये जुन्या स्पॅनिश कलांसाठी एक संस्था उभी राहिली, १९२६ मध्ये पहिला बाजार भरला. पुढे मंदीच्या वर्षांत सरकारी व्यवसाय शाळांतून पत्र्याचं काम शिकवलं गेलं. १९३७ मध्ये कार्मेन एस्पिनोसा या बाईंनी त्यावर पुस्तिका तयार केली. मेणबत्तीच्या जागी बल्ब बसले, नक्षी तीच राहिली. आम्हाला हे आवडलं. जुनं जसंच्या तसं ठेवण्याचा हट्ट धरला असता तर गिऱ्हाईक आलं नसतं.

पण एक गोष्ट मनाला लागते. या जुन्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावंच राहिली नाहीत. १९९० मध्ये लेन कोल्टर आणि मॉरिस डिक्सन यांनी या कामावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांना माणसं ओळखावी लागली ती हाताच्या सवयीवरून. कुणाला म्हटलं ‘मोराचा अष्टकोनी’, कारण मोरा भागात आठ कोनांच्या चौकटी करणारा कुणीतरी होता. कुणाला ‘व्हॅलेन्सियाचा लाल-हिरवा’, त्याच्या रंगांवरून. आणि गंमत पाहा, काही चौकटी उलट्या केल्या की मागे डब्यावरचा छाप अजून वाचता येतो. चरबी विकणाऱ्या कंपनीचं नाव शंभर वर्षं टिकलं, कापून ठोकून वस्तू घडवणाऱ्याचं नाही.

आमच्या गटाचे डब्याच्या पत्र्याचे कंदील गेल्या दिवाळीत शहरातल्या एका दुकानात ठेवले होते. तिथे चिठ्ठी होती फक्त ‘हस्तकला’. ना गाव, ना गट. पैसे मिळाले, तक्रार कशाची करायची, असं काहीजणी म्हणाल्या. पण चिठ्ठी बदलता येते, पत्र्यावर ठोकलेलं बदलता येत नाही. म्हणून यंदा कंदिलाच्या बुडाला, झाळ द्यायच्या आधी, गावाचं नाव आणि करणारीचं पहिलं अक्षर खिळ्याच्या ठिपक्यांनी ठोकायचं ठरलं आहे. आधी पत्र्याखाली लाकडाची सपाट फळी घ्यायची, नाहीतर खिळा आरपार जातो. कडा दुमडून घ्यायच्या, हात कापतो. ‘ळ’ मात्र ठिपक्यांत काही केल्या नीट येत नाही. त्याचा सराव चालू आहे.