फ्रान्सच्या गावखेड्यांतून सायकलने : शांत रस्त्यांची ओळख

फ्रान्स आणि सायकल हे शब्द एकत्र आले की बहुतेकांना आठवते ती १९०३ मध्ये सुरू झालेली ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत. आल्प्सचे घाट, रस्त्याच्या दुतर्फा उसळलेली गर्दी आणि पिवळी जर्सी हे चित्र दूरचित्रवाणीमुळे आपल्याकडेही परिचयाचे झाले आहे. शर्यतीचे ते तीन आठवडे वगळले, तर याच देशातील हजारो किलोमीटरचे छोटे रस्ते वर्षभर जवळजवळ निर्मनुष्य असतात. द्राक्षमळे, गव्हाची शेते, नदीकाठचे बांध आणि दगडी घरांची गावे यांमधून जाणारे हे रस्ते पर्यटक सायकलस्वारासाठी पर्वणीच आहेत. मात्र, ते नेमके ओळखता यावे लागतात. चुकीचा रस्ता निवडला तर भरधाव मालमोटारींच्या शेजारून जीव मुठीत धरून जाण्याची वेळ फ्रान्समध्येही येते.

रस्त्यांची उतरंड

फ्रान्समधील रस्त्यांची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरहून अधिक आहे. रस्त्याच्या क्रमांकाआधीच्या अक्षरावरून त्याचा दर्जा कळतो. ‘ए’ म्हणजे द्रुतगती मोटारमार्ग. त्यावर सायकलींना मज्जाव आहे. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय मार्ग. तेथे वाहतूक मोठी आणि वेगवान असते. ‘डी’ म्हणजे डेपार्टमेंटचे, अर्थात ढोबळमानाने आपल्याकडील जिल्ह्याच्या अखत्यारीतील रस्ते आणि ‘सी’ म्हणजे गावांचे स्वतःचे रस्ते. सायकलस्वाराचे राज्य या शेवटच्या दोन प्रकारांत आहे.

हे रस्ते इतके शांत का, याचे उत्तर देशाच्या रचनेत आहे. फ्रान्समध्ये ‘कम्यून’ या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाची संख्या सुमारे ३५ हजार आहे. प्रत्येक गाव शेजारच्या चार-पाच गावांना डांबरी रस्त्याने जोडलेले असल्याने रस्त्यांचे विलक्षण दाट जाळे तयार झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लांब पल्ल्याची वाहतूक मोटारमार्गांनी ओढून घेतली आणि ग्रामीण भागातील बरीच लोकसंख्या शहरांकडे गेली. मागे राहिले ते सुस्थितीतील रस्ते. त्यांवरून आता अधूनमधून ट्रॅक्टर किंवा टपालखात्याची गाडी जाते. या शांततेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. ज्या गावातून सायकलस्वार निवांत जातो, त्या गावातील किराणा दुकान आणि पावाची भट्टी अनेकदा कायमची बंद झालेली असते.

‘डी’ अक्षर दिसले म्हणजे रस्ता शांत, असा मात्र समज करून घेऊ नये. २००४ मधील विकेंद्रीकरणाच्या कायद्यानंतर २००६ मध्ये सुमारे १८ हजार किलोमीटरचे राष्ट्रीय मार्ग डेपार्टमेंटांकडे सोपविण्यात आले आणि त्यांना ‘डी’ क्रमांक मिळाले. नाव बदलले, वाहतूक तीच राहिली. प्रोव्हान्समधील आप्त गावावरून जाणारा ‘डी ९००’ हा पूर्वीचा ‘एन १००’ आहे. त्यावर सायकल घालणाऱ्याची घोर निराशा होते.

नकाशा हाच वाटाड्या

अशा वेळी कामास येतो तो नकाशा. मिशेलिन कंपनीचे एक सेंटिमीटरला दोन किलोमीटर या प्रमाणातील नकाशे सायकलस्वारांच्या पिढ्यान् पिढ्यांनी वापरले आहेत. त्यांत लाल रंगाचे रस्ते मुख्य, पिवळे दुय्यम आणि पांढरे सर्वांत लहान. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल, तर परिसर निसर्गरम्य. चढ दाखविण्यासाठी बाणांच्या खुणा असतात. एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के, दोन बाण म्हणजे नऊ ते तेरा टक्के आणि तीन बाण म्हणजे त्याहून तीव्र चढ. भ्रमणध्वनीवरील नकाशे हाताशी असले तरी आखणी करताना कागदी नकाशा पसरून पाहण्याचा फायदा असा की, दोन मोठी शहरे सरळ जोडणारे रस्ते एका दृष्टिक्षेपात दिसतात आणि ते टाळता येतात. पांढरे रस्ते आणि कोणत्याही मोठ्या शहरात न पोहोचणारे पिवळे रस्ते निवडावेत, हा साधा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो.

पाच निवडक मार्ग

ल्वार नदीचा काठ : नवख्यांसाठी हा सर्वांत सोपा मार्ग. नेव्हेर शहराजवळच्या क्युफी गावापासून अटलांटिक किनाऱ्यावरील सँ-ब्रेव्हँ-ले-पँपर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा हा मार्ग नदीचे बांध, खास सायकलवाटा आणि गावरस्ते यांवरून जातो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या ‘युरोव्हेलो ६’ या महामार्गाचा तो भाग आहे. ब्लुआ, आंब्वाझ, सोम्यूर येथील राजवाडे वाटेत लागतात. २००० मध्ये या खोऱ्याचा मोठा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. चढ नगण्य आहेत; परंतु वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून समुद्राकडून आत येणे सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र येथे गर्दी असते.

बर्गंडीची जुनी रेल्वेवाट : बंद पडलेल्या लोहमार्गावर झिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा हरित मार्ग १९९७ मध्ये खुला झाला. या प्रकारचा तो फ्रान्समधील पहिला मार्ग होय. रेल्वेला तीव्र चढ चालत नसल्याने वाट सौम्य आहे आणि दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आहेत. क्लुनीच्या पुढे माकाँकडे जाताना दीड किलोमीटरहून लांब असलेला ब्वा-क्लेर बोगदा लागतो. हिवाळ्यात तेथे वटवाघळे मुक्काम करतात, त्यामुळे त्या काळात तो सायकलींना बंद असतो आणि टेकडी चढून जावे लागते.

सेले नदीचे खोरे : नैर्ऋत्येकडील फिजाकजवळून ‘डी ४१’ हा रस्ता सेले नदीची सोबत करीत ती लोत नदीला मिळते तेथपर्यंत, सुमारे ५० किलोमीटर जातो. चुनखडीचे उंच कडे, कड्याला टेकलेली घरे आणि जुन्या मठांचे अवशेष असा हा प्रदेश आहे. येथे वेगळी सायकलवाट नाही आणि तिची गरजही फारशी भासत नाही. वाटेवरील काब्रेरे गावाच्या वर पेश-मेर्ल ही प्रागैतिहासिक भित्तिचित्रांची गुहा आहे.

ल्यूबेराँ आणि नेस्कची घळ : प्रोव्हान्समध्ये ल्यूबेराँ डोंगराभोवती सुमारे २३५ किलोमीटरची दिशादर्शक पाट्या लावलेली फेरी आहे. काव्हायाँ, आप्त, फोर्काल्किए, मानॉस्क, लूरमारँ अशी गावे जोडताना ती गर्दीचे रस्ते कटाक्षाने टाळते. तेथून उत्तरेला नेस्क नदीच्या घळीच्या कडेने जाणारा ‘डी ९४२’ रस्ता मंद चढाने लॅव्हेंडरसाठी प्रसिद्ध असलेल्या सो गावाच्या परिसरात पोहोचतो. दमदार सायकलस्वारांना तेथून १,९०० मीटरहून उंच असलेल्या माँ व्हाँतूवर जाता येते. शर्यतींमुळे गाजलेल्या बेद्वँच्या बाजूपेक्षा सोकडील चढ सौम्य आहे.

ब्रिटनीतील कालवा : इंग्रजांच्या नाविक कोंडीतही ब्रेस्ट बंदराला रसद पोहोचावी, यासाठी नेपोलियनच्या काळात नाँत ते ब्रेस्ट या कालव्याचे काम हाती घेण्यात आले. सुमारे ३६० किलोमीटरच्या या कालव्याकाठची, पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी असलेली वाट आता सायकलींसाठी वापरली जाते. तिचा मोठा भाग रोस्कॉफ ते आँदाय या ‘व्हेलोदिसे’ मार्गात येतो. वाट बहुतांशी दाबून बसविलेल्या मुरुमाची असल्याने शर्यतीच्या बारीक टायरांपेक्षा रुंद टायर बरे.

दक्षिणेतील ‘कानाल द्यू मिदी’ या सतराव्या शतकातील प्रसिद्ध कालव्याबाबत एक सूचना आवश्यक आहे. तुलूझपासूनचे पहिले सुमारे ५० किलोमीटर डांबरी आहेत. पुढे मात्र अनेक ठिकाणी मुळांनी उखडलेली पायवाट आहे. शिवाय, २००६ पासून आढळलेल्या बुरशीजन्य रोगामुळे काठावरील हजारो चिनार वृक्ष तोडावे लागले. त्यामुळे छायाचित्रांतील सावली सर्वत्र मिळेलच असे नाही.

शांतता आणि सुरक्षितता

फ्रान्समध्ये अपघातांत जीव गमावणाऱ्या सायकलस्वारांपैकी निम्म्याहून अधिक जण गाव-शहरांच्या हद्दीबाहेरील रस्त्यांवर मृत्युमुखी पडतात. कारण उघड आहे : मोकळ्या रस्त्यावर वाहनांचा वेग जास्त असतो. म्हणूनच वर सांगितलेली रस्त्यांची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

भारतीयांनी सर्वप्रथम लक्षात ठेवावे की, तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. थकव्याच्या क्षणी किंवा सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना जुनी सवय उसळी घेते. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास प्राधान्य असते. हा नियम छोट्या गावांत हमखास लागू होतो. सायकलला ओलांडताना मोटारचालकाने वस्तीत किमान एक मीटर, तर वस्तीबाहेर दीड मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालविण्यास परवानगी आहे. मात्र, रात्री किंवा मागून वाहन पुढे जाऊ पाहत असताना एकामागे एक व्हावे लागते. वस्तीबाहेर रात्री आणि अपुऱ्या प्रकाशात चमकणारे जाकीट सक्तीचे आहे. शिरस्त्राणाची सक्ती १२ वर्षांखालील मुलांपुरती असली तरी ते सर्वांनी वापरणे शहाणपणाचे.

खाणे, पाणी, मुक्काम

खेड्यांतील दुकाने दुपारी १२ ते २ किंवा त्याहूनही अधिक वेळ बंद असतात. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही काही मिळत नाही. म्हणून सकाळीच पाव, फळे, चीज बरोबर घ्यावे. शाकाहारी मंडळींनी तर यात हयगय करू नये. पाण्यासाठी तेथील सायकलस्वारांची जुनी युक्ती म्हणजे गावाची दफनभूमी. फुलझाडांसाठी तेथे नळ असतो. ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल, तर मात्र ते पाणी पिऊ नये.

मुक्कामासाठी ग्रामपालिकांची तंबूतळे आणि घरगुती पाहुणखोल्या स्वस्त पडतात. ‘आक्यय व्हेलो’ हे बोधचिन्ह असलेल्या ठिकाणी सायकल ठेवण्यास सुरक्षित जागा आणि दुरुस्तीची साधने मिळतात. प्रादेशिक रेल्वेगाड्यांतून सायकल बहुधा नेता येते. उन्हाळ्यात काही प्रांतांत आरक्षण लागते. अतिवेगवान गाड्यांसाठी नियम वेगळे असल्याने आधी चौकशी करावी. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत अनुकूल होत.

ज्यांना निवांत भटकंतीपेक्षा कस लावायचा आहे, त्यांच्यासाठी याच ग्रामीण रस्त्यांवर १८९१ पासूनचा वारसा सांगणारी ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ ही सुमारे १,२०० किलोमीटरची मोहीम दर चार वर्षांनी होते. ९० तासांच्या मुदतीत ती पूर्ण करण्यासाठी २०१९ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सायकलपटूही गेले होते. पुढील मोहीम २०२७ मध्ये अपेक्षित आहे. मोर्तान्य, फुजेर, लूदेआक या गावांत रात्री-अपरात्री रस्त्याकडेला टेबल मांडून अनोळखी सायकलस्वारांना कॉफी देणारे ग्रामस्थ तेव्हा भेटतात. इतर वेळी त्याच रस्त्यांवर सावकाश जाणाऱ्या प्रवाशालाही गावकऱ्यांकडून ‘बोंजूर’ ऐकू येते. त्याला उत्तर द्यावे, एवढे फ्रेंच येणे पुरेसे आहे.