दिल्ली घेतल्यावर अडीच लाख होन

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, की इतिहास वाचून वाईट दिवसांत मन खंबीर ठेवायला काही मदत होते का, की ते काम प्रेरणादायी भाषणं करणाऱ्यांचं? प्रश्न चांगला होता, पण सभागृह रिकामं करायची वेळ झाली होती. म्हणून उत्तर आजवर ढकललं. आज ते एका कागदाच्या आधाराने द्यावं असं आम्ही ठरवलं आहे.

कागद ४ जून १६९१ चा आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी तो घोरपडे घराण्यातल्या दोन सरदारांना दिला. त्यात एकूण सहा लाख होनांचं वचन आहे, म्हणजे सोन्याची नाणी. पाच लाख हणमंतराव घोरपड्यांना आणि एक लाख कृष्णाजी घोरपड्यांना. हणमंतरावांच्या पाच लाखांचे हप्ते पाडून दिले आहेत. रायगडचा प्रांत घेतल्यावर ६२,५०० होन. विजापूर घेतल्यावर ६२,५००. भागानगर, म्हणजे आजचं हैदराबाद, घेतल्यावर ६२,५००. औरंगाबाद घेतल्यावर ६२,५००. बेरीज करून बघा, अडीच लाख झाले. उरलेले अडीच लाख कधी? दिल्ली घेतल्यावर.

आता तारखेकडे बघा. जून १६९१ मध्ये रायगड मोगलांकडे होता. विजापूर १६८६ साली आणि गोवळकोंडा १६८७ साली औरंगजेबाने घेतला होता. औरंगाबाद तर त्याचंच शहर. दिल्लीची गोष्टच सोडा. हा कागद देणारा राजा एकवीस वर्षांचा होता, रायगडापासून हजार किलोमीटरच्या आसपास दूर, तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात, आणि त्या किल्ल्याला झुल्फिकारखानाच्या फौजेचा वेढा पडत होता.

आम्ही विद्यार्थी असताना हा तपशील पहिल्यांदा वाचला तेव्हा, खरं सांगायचं तर, हसू आलं होतं. राजधानी नाही, खजिना नाही, आणि दिल्लीचे होन वाटतायत! पुढे बरीच वर्षं कागद वाचण्यात गेल्यावर हसू गेलं. ते का गेलं, हे सांगायचं तर दोन वर्षं मागे जावं लागेल.

१६८९ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांना मारण्यात आलं. औरंगजेब दक्षिणेत येऊन सात-आठ वर्षं झाली होती. दोन मोठ्या शाह्या त्याने बुडवल्या होत्या. आता तिसरं राज्य संपलं, असं त्याच्या छावणीत बहुतेकांना वाटलं असणार, आणि ते वाटणं काही मूर्खपणाचं नव्हतं. मार्च संपायच्या आत रायगडाला वेढा पडला. गडावर तेव्हा राजाराम महाराज होते, येसूबाई होत्या आणि सात वर्षांचे शाहू होते.

इथे जी मसलत झाली तिचं वर्णन बखरींत येतं. बखरी घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या, त्यामुळे त्यातले संवाद आम्ही कधी वर्गात वाचून दाखवत नाही. पण निर्णय काय झाला ते घटनाच सांगतात. सगळ्यांनी एका गडावर राहायचं नाही. राजाराम महाराजांनी बाहेर पडायचं. येसूबाई आणि शाहूंनी गडावर थांबायचं. हा सल्ला येसूबाईंचाच होता असं परंपरा सांगते. नवरा जाऊन महिना झालेला नाही, मुलगा लहान, आणि ही बाई हिशेब मांडते की सगळे एका ठिकाणी सापडले तर उद्या कोणी उरणार नाही.

एप्रिलमध्ये राजाराम महाराज रायगडावरून निसटले, प्रतापगडाकडे आणि तिथून पुढे पन्हाळ्याला गेले. सप्टेंबरात पन्हाळा सोडून वेश पालटून दक्षिणेकडे निघाले. वाटेत बेदनूरच्या राणी चन्नम्मांनी आश्रय आणि वाट दिली. त्याची शिक्षा म्हणून मोगल फौज त्यांच्यावर चालून गेली, हे आपण फार कमी वेळा आठवतो. बंगळूरला संशय आल्यावर खंडो बल्लाळ आणि काही जण मागे राहिले, मार खाल्ला, पण आम्ही यात्रेकरू आहोत हेच सांगत राहिले, असं बखर सांगते. नोव्हेंबरच्या सुमारास राजा जिंजीला पोचला. त्याच नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि शाहू कैदेत गेले.

जिंजी म्हणजे काही आयत्या वेळी सापडलेली जागा नव्हे. शिवाजी महाराजांनी १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत ती घेतली होती. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात महाराष्ट्राबाहेरचा एकच किल्ला आहे, तो हा. कोणी त्या बाजूला गेलात तर दुपारचं ऊन टाळून वर चढा, आम्ही ती चूक केली आहे.

तर राजा तिकडे. इकडे महाराष्ट्रात काय? रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन सगळा अधिकार सोपवला होता. प्रत्येक गोष्टीला जिंजीहून हुकूम येण्याची वाट बघत बसले असते तर सगळंच संपलं असतं. पंतांच्या हाताखाली शंकराजी नारायण होते, मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. १६९० च्या मे महिन्यात साताऱ्याजवळ मोगलांचा मोठा सरदार रुस्तुमखान पकडला गेला. त्याच वर्षी प्रतापगड, रोहिडा, राजगड, तोरणा परत आले. एवढ्यावर काही राज्य उभं राहत नाही, पण बातमी पसरते. आणि त्या काळात बातमीला फार किंमत होती.

बातमी कोणासाठी? तर देशमुखासाठी. कल्पना करा, मावळातला एखादा देशमुख आहे. खोऱ्यात मोगल फौज उतरलीय. जमीन खाली आहे, राजा दिसत नाही. मोगलांचा माणूस येऊन सांगतो, आमच्याकडे या, वतन कायम करून देतो. याने काय करावं? आज आपण त्याला 'फितूर' म्हणून मोकळे होतो. त्याच्या घरात बायकापोरं होती, पेरणी तोंडावर होती. 'धीर धरा' एवढं सांगून त्या माणसाचं भागणार नव्हतं.

राजाराम महाराजांनी १६९० च्या मार्चमध्ये बाजी सर्जेराव जेध्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आपण कर्नाटकात सुखरूप पोचलो, चाळीस हजार घोडा आणि सव्वा लाख पायदळ जमा झालं, इकडचे पाळेगार आपल्याला मिळत आहेत, तुम्ही तिकडे जोर धरा, असा त्याचा आशय. आता हा आकडा? आमच्या मते चांगलाच फुगवलेला. जिंजीला एवढी फौज पोसायला पैसा कुठून येणार होता? पण पत्रात नुसता आकडा नाही. आम्ही जिवंत आहोत, अमुक ठिकाणी आहोत आणि तुमच्याकडून अमुक काम हवं आहे, हे त्यात आहे. वाचणाऱ्याला करायला काहीतरी दिलेलं आहे.

हे डोक्यात ठेवून पुन्हा घोरपड्यांच्या कागदाकडे या. आता हप्ते वेगळे दिसू लागतात. दिल्ली शेवटी आहे. पहिली पायरी रायगडचा प्रांत, म्हणजे दोन वर्षांपूर्वी आपलाच असलेला मुलूख. अशक्य वाटणारी गोष्ट सरळ मागितलेली नाही, पायऱ्या पाडून मागितली आहे. दुसरं, आज हातात काही नाही हे कागद लपवत नाही. सगळे होन 'घेतल्यावर' मिळणार आहेत. खजिना रिकामा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक. आणि तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते. सगळा देश बचावाच्या गोष्टी करत असताना या कागदाने लढाईचा शेवट दिल्लीला नेऊन ठेवला. वेढ्यात बसलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या कारभाऱ्यांनी 'आपण वाचू का?' हा प्रश्न बाजूला सारून 'पुढे काय?' याचा हिशेब लिहून ठेवला. प्रश्न विचारणाऱ्या त्या श्रोत्याला आम्ही म्हणू, सकारात्मक दृष्टिकोन हा शब्द तेव्हा नव्हता, पण ती वस्तू बघायची असेल तर इथे बघा.

मात्र इथे थांबलो तर आम्ही तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. या आशेची किंमत होती.

शिवाजी महाराजांनी वतनदारांचा जोर मोडून फौजेला रोख पगार द्यायची पद्धत बसवली होती. सरदाराला मुलूख तोडून द्यायचा नाही, हे त्या राज्याचं मुख्य सूत्र. ते सूत्र या वर्षांत सुटलं. रोख द्यायला पैसाच नव्हता, म्हणून वचन द्यायचं ते मुलखाचं. जिंकेल त्याचा मुलूख. सनदा भराभर निघाल्या. एकाच वतनावर दोघांचे हक्क निघाले. काही घराण्यांनी एक भाऊ मोगलांकडे आणि एक इकडे ठेवला, म्हणजे कोणीही जिंको, वतन घरातच. संताजी आणि धनाजी यांच्यात वितुष्ट आलं. ज्या संताजीने दोड्डेरीला कासिमखानाला कोंडलं, हिंमतखानाला मारलं, तो १६९७ साली आपल्याच माणसांपासून पळत असताना मारला गेला. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली. राजाराम महाराज त्याआधी निसटून महाराष्ट्रात आले होते. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर ते वारले, वय तीस. पुढची सात वर्षं ताराबाईंनी लढा चालवला, त्यावर स्वतंत्र व्याख्यान ठेवलं आहे.

रामचंद्रपंतांचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. १७१५-१६ च्या सुमारास, म्हातारपणी, त्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात वतनदारांवरचा भाग आहे. हे लोक असलेलं सोडत नाहीत, नवं बळकावतात, परचक्र आलं की आधी शत्रूशी बोलणं लावतात, म्हणून त्यांना सैल सोडू नये आणि एकदम तोडूही नये, असा त्याचा रोख. हे कोण लिहितंय? ज्यांच्या कारभारात या सनदांचा पाऊस पडला तोच माणूस. काही अभ्यासक यात विसंगती पाहतात. आम्हाला ती वाटत नाही. १६८९ साली दुसरा उपाय नव्हता, आणि त्या उपायाने मागे काय ठेवलं हे पंतांनी पंचवीस वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी दोन्ही लपवलं नाही.

दिल्लीचं काय झालं, असं कोणीतरी विचारेलच. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरला वारला. मराठी फौज दिल्लीत पोचली ती १७१९ साली, बाळाजी विश्वनाथांबरोबर, आणि तीही दिल्ली घ्यायला नव्हे, सय्यद बंधूंच्या मदतीला. तिथल्या दंगलीत त्यांची शेकडो माणसं मारली गेली. पण चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन ते परतले.

परतताना त्यांच्यासोबत एक पालखी होती. तिच्यात येसूबाई होत्या. शाहू १७०७ मध्ये सुटले, त्यांनंतरही बारा वर्षं त्या मोगलांच्या ताब्यात राहिल्या. १६८९ ते १७१९, तीस वर्षं. रायगडावर थांबायचा निर्णय घेतला तेव्हा त्यांना कोणी हप्ते पाडून काही लिहून दिलं नव्हतं. त्या साताऱ्याला आल्या तेव्हा, सात वर्षांचा असताना ज्याच्यासोबत कैदेत गेल्या तो मुलगा सदतीस वर्षांचा छत्रपती होता.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.