आसस मां?

कसालच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. पावसाळ्यात तिथे थांबलेला ड्रायव्हर समोरून आलेल्या रिक्षावाल्याला विचारतो, मालवणचा रस्ता सुरू आहे ना? झाड आडवं पडलंय, कुडाळवरून जा, असं उत्तर मिळालं की गाडी वळते. साऱ्या जिल्ह्याचा नकाशा कुणी उघडत नाही. पुढच्या वळणावरून आत्ताच आलेल्या माणसावर विश्वास ठेवला जातो.

तुम्ही हा लेख फोनवर वाचताय, तो असेच अनेक तिठे ओलांडून आलाय. त्या प्रत्येक तिठ्यावर एक यंत्र बसलेलं असतं, राउटर. गंमत म्हणजे या सगळ्या यंत्रांवर देखरेख ठेवणारा मुकादम कुठेच नाही.

हे मुद्दामच तसं ठेवलं. १९६९मध्ये अमेरिकेत चार ठिकाणं जोडून अर्पानेट सुरू झालं. सगळं एका केंद्रावर सोपवलं, तर ते बंद पडताच जाळंही बंद पडणार. म्हणून प्रत्येक यंत्राने आपल्या शेजाऱ्याला सतत हाक मारत राहायची आणि हाकेला उत्तर आलं नाही तर ती वाट बंद धरायची, असं ठरलं.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हीच युक्ती अंगाशी आली. वाटांची खबर नवी की जुनी, हे तिच्यावरच्या क्रमांकावरून ठरायचं आणि हे क्रमांक घड्याळाच्या काट्यासारखे गोल फिरणारे होते. एका यंत्रातल्या बिघाडाने तीन संदेशांचे क्रमांक असे विस्कटले, की प्रत्येक संदेश दुसऱ्यापेक्षा नवा वाटू लागला. सगळी यंत्रं तेच तीन संदेश एकमेकांकडे ढकलत बसली. त्या धांदलीत शेजाऱ्याला हाक मारायला त्यांना सवडच उरली नाही. हाक नाही म्हणून धडधाकट वाटाही मेल्या, असं जाहीर होऊ लागलं. जाळं काही तास ठप्प झालं.

त्यानंतरच्या पिढीने शेजारधर्म जास्त काटेकोर केला. १९८९मध्ये ओएसपीएफ नावाच्या नियमावलीचा पहिला मसुदा आला. त्यात राउटर साधारण दर दहा सेकंदांनी ‘हॅलो’ म्हणतो आणि आपल्याला कोणकोणाचे हॅलो ऐकू आले, त्यांची यादीही सोबत धाडतो. शेजाऱ्याच्या यादीत आपलं नाव दिसलं, की आपला आवाज तिकडे पोचतोय याची खात्री पटते. मगच दोघे आपापले नकाशे ताडून पाहतात. चाळीस सेकंद शांतता पसरली, तर शेजारी गेला असं समजून नव्या वाटेचा हिशेब सुरू होतो. आज वापरात असलेल्या ओएसपीएफमध्ये खबरांचे क्रमांक गोल फिरत नाहीत, सरळ चढत जातात.

हा झाला एका वाडीतला कारभार. गावागावांमधल्या, म्हणजे कंपन्या आणि देश यांच्यामधल्या व्यवहारासाठी त्याच वर्षी बीजीपी आलं. त्याचा पहिला आराखडा दोन इंजिनियरांनी जेवताना कागदी रुमालांवर काढला होता. इथे शेजारी आपोआप सापडत नाही. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचा पत्ता आधी लिहून ठेवावा लागतो. मग ‘जिवंत आहे’ एवढाच निरोप ठरावीक वेळाने जात राहतो.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या. भारताची पश्चिमेकडची मोठी वाट खुंटली. पलीकडून हाका येईनात, तशा राउटरांनी त्या वाटा खोडल्या आणि जमेल तेवढी वाहतूक पूर्वेकडून वळवली. इंटरनेट रांगू लागलं, पण बंद पडलं नाही.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून गेलं. वीज गेली, फोन गेले. माझी आजी कसालला एकटीच होती. आम्ही पुण्यात दोन दिवस तिचा नंबर फिरवत होतो आणि प्रत्येक वेळी तीच बाई इंग्रजीत काहीतरी सांगायची. तिसऱ्या दिवशी फोन लागला, तेव्हा आजीला आमच्या काळजीचं नवल वाटलं. तिच्याकडे तर वारा थोडा उतरल्यापासून शेजारची काकी दर तासा-दोन तासांनी गडग्यापलीकडून ओरडत होती, “आजी, आसस मां?”

आजीने एकदा मुद्दामच ओ दिली नाही. काकी कोयती घेऊन, पडलेली फांदी तोडत आत आली आणि तिने आजीला भरपूर शिव्या घातल्या.