धिंगरी अळिंबीच्या लागवडगृहातील वायुवीजन व शीतकरण

धिंगरी अळिंबी (प्लुरोटस प्रजातीतील खाद्य कवक, ऑयस्टर मशरूम या नावानेही परिचित) बंदिस्त जागेत वाढविताना तेथील हवा ताजी, ओलसर व गार ठेवण्याच्या पद्धतींचा समावेश वायुवीजन व शीतकरण या विषयात होतो. या तीन गरजा परस्परांना छेद देणाऱ्या आहेत. ताजी हवा आत घेतली की खोलीतील ओलावा घटतो आणि ओलावा टिकविण्यासाठी खोली बंद ठेवली की हवा कोंदट होते. म्हणून लागवडगृहाचे व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः या तिन्हींचा मेळ घालणे होय.

उष्णता व कार्बन डायऑक्साइडचा उगम

हिरव्या वनस्पतींप्रमाणे अळिंबी प्रकाशसंश्लेषण करीत नाही. भाताचा पेंढा, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे कुटार यांचे विघटन करून ती अन्न मिळविते. या क्रियेत प्राणवायू वापरला जातो आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडतात. त्यामुळे पिशवीच्या गाभ्यातील तापमान खोलीच्या तापमानापेक्षा काही अंशांनी अधिक असते. पिशव्या एकमेकींना चिकटवून रचल्यास ही उष्णता बाहेर पडू शकत नाही. अशा वेळी कवकजालाची वाढ खुंटते आणि उष्णता सोसणाऱ्या इतर बुरशींना वाव मिळतो. यासाठी तापमापक केवळ भिंतीवर न टांगता अधूनमधून पिशव्यांच्या मधोमध ठेवूनही नोंद घेतली जाते.

वाढीच्या दोन अवस्था

पहिल्या अवस्थेत बीजापासून निघालेले पांढरे कवकजाल काडभर पसरते. या काळात कवक कार्बन डायऑक्साइडचे मोठे प्रमाण सहन करते. खोली बहुधा बंद व अंधारी ठेवली जाते आणि तापमान साधारणतः २२ ते २८ अंश सेल्सिअस राखले जाते.

दुसऱ्या अवस्थेत फळे धरतात व गरजा पालटतात. आता सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० ते ८५ टक्के, मंद उजेड आणि भरपूर ताजी हवा लागते. बाहेरच्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२० भाग असतात. फळधारणेच्या खोलीत हे प्रमाण १,००० भागांच्या आत, शक्यतो ६०० च्या आसपास असणे इष्ट मानले जाते. दोन्ही अवस्थांसाठी एकच खोली वापरल्यास यांपैकी एकीची उपेक्षा होते. म्हणून दोन स्वतंत्र खोल्या सोयीच्या ठरतात.

खोलीची रचना

भिंतीत जमिनीलगत व छताजवळ समोरासमोर झरोके ठेवल्यास खालून गार हवा आत येते व तापलेली हवा वरून बाहेर पडते. झरोक्यांना माश्या रोखणारी बारीक जाळी लावतात. जाळीमुळे हवेला अडथळा होत असल्याने झरोक्याचा आकार त्या मानाने मोठा ठेवावा लागतो.

नैसर्गिक वारा अपुरा पडल्यास एक्झॉस्ट पंखा बसवितात. पंख्याची क्षमता खोलीच्या आकारमानावरून काढता येते. उदाहरणार्थ, ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत ७२ घनमीटर हवा असते. ती तासाला ४ वेळा पालटावयाची झाल्यास ताशी २८८ घनमीटर हवा बाहेर टाकावी लागते. पंख्याच्या समोरच्या भिंतीत हवा आत येण्याची वाट नसेल तर पंखा फिरत राहूनही हवा पालटत नाही.

पत्र्याचे छप्पर दुपारी तीव्र तापते. त्यावर उसाचे पाचट किंवा गवत अंथरणे, चुन्याचा पांढरा लेप देणे आणि खाली दुसरे छत करणे हे कमी खर्चाचे उपाय होत.

शीतकरण

ग्रामीण भागात झरोक्यांवर ओले गोणपाट टांगण्याची पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. त्यामुळे आत येणारी हवा गार व ओलसर होते. मात्र या पद्धतीने तापमान किती उतरेल हे बाहेरच्या हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते आणि ओल्या तापमापकाच्या नोंदीखाली ते जाऊ शकत नाही.

बाहेर ३८ अंश तापमान व २५ टक्के आर्द्रता असल्यास ओल्या तापमापकाची नोंद सुमारे २३ अंश येते. म्हणजे १५ अंशांपर्यंत वाव असतो. देशावरील उन्हाळ्यात म्हणूनच गोणपाट उपयोगी पडते. याउलट ३३ अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असल्यास ही नोंद सुमारे २८ अंश येते व वाव जेमतेम ५ अंशांचा उरतो. कोकण किनारपट्टीवर आणि सर्वत्र पावसाळ्यात गोणपाटाचा थंडाव्यासाठी फारसा उपयोग होत नाही. तेथे सावली, हवेचा प्रवाह आणि ऋतुमानानुसार प्रजातीची निवड यांवर भिस्त ठेवावी लागते. प्लुरोटस फ्लोरिडा तुलनेने थंड हवामानात चांगली येते. प्लुरोटस सजोर-काजू व गुलाबी धिंगरी अधिक उष्णता सहन करतात. बटन अळिंबीला फळधारणेच्या वेळी १४ ते १८ अंश तापमान लागत असल्याने मैदानी प्रदेशात तिच्यासाठी वातानुकूलन बहुधा अटळ ठरते. धिंगरी त्यावाचून घेता येते, हा तिचा मोठा गुण होय.

दोषांची लक्षणे

पिकाच्या रूपावरून हवेची स्थिती ओळखता येते. देठ लांब व टोपी लहान राहिल्यास कार्बन डायऑक्साइड साचला आहे असे समजावे. टोपीच्या कडा वाळून चिरल्यास, अथवा टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर सुकून गेल्यास, हवा कोरडी आहे किंवा पंख्याचा झोत थेट पिशव्यांवर येत आहे. टोपीवर पाणी साचून पिवळट-तपकिरी डाग पडणे हे जिवाणूजन्य रोगाचे लक्षण असून, पाणी फवारल्यानंतर टोप्या सुकण्याइतकी हवा खेळती नसल्यास तो बळावतो. काडावर हिरवी बुरशी दिसल्यास काडाचे अपुरे निर्जंतुकीकरण व वाढलेले तापमान या दोन्ही कारणांचा शोध घ्यावा लागतो.

कामगारांचे आरोग्य

धिंगरीच्या पक्व टोप्या असंख्य बीजाणू हवेत सोडतात. कोंदट खोलीत ते दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास खोकला, ताप, धाप लागणे, दमा आणि फुप्फुसाचा अधिहर्षताजन्य दाह असे विकार उद्भवू शकतात. हे काम अनेक ठिकाणी घरालगतच्या खोलीत केले जाते. त्यामुळे हा धोका कुटुंबातील सर्वांनाच असतो. टोपीची कड वर वळण्यापूर्वी काढणी करणे, काढणीच्या सुमारे दोन तास आधी दारे-झरोके उघडून पंखा चालू ठेवणे, नाकातोंडावर मुखपट्टी बांधणे आणि बाहेर पडणाऱ्या हवेचा मार्ग राहत्या घराकडे न ठेवणे ही आवश्यक दक्षता होय. थंडावा टिकविण्यासाठी झरोके बुजविल्यास त्याची झळ पिकाबरोबरच तेथे वावरणाऱ्या माणसांनाही बसते.