असईच्या तोफा आणि असईचें राजकारण

मराठी राज्य कां बुडालें, या प्रश्नावर आपल्याकडे जितकी शाई खर्चीं पडली आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही ऐतिहासिक प्रश्नावर क्वचितच पडली असेल. स्वातंत्र्य गेल्यास शंभर वर्षें होतांच, १९१८ सालीं, न. चिं. केळकरांनीं 'मराठे व इंग्रज' हा ग्रंथ लिहून या व्यवहाराचा ताळेबंद मांडला. राजवाड्यांनीं पाश्चात्यांच्या शास्त्रकलांकडे आपल्या पूर्वजांनीं केलेल्या दुर्लक्षावर बोट ठेविलें. तेव्हांपासून आजवर हा वाद चालूच आहे, आणि त्यांत भाग घेणारा प्रत्येक गृहस्थ आपलें मत अत्यंत ठामपणें सांगत असतो. एक पक्ष म्हणतो कीं, इंग्रजांची बंदूक सरस होती म्हणून ते जिंकले. दुसरा म्हणतो कीं, गनिमी कावा सोडून आम्ही कवायती पलटणींच्या नादीं लागलों, तेथेंच घात झाला. दोन्ही पक्षांस एकाच रणभूमीवर नेऊन त्यांची परीक्षा करावी असें आम्हांस वाटतें. ती रणभूमी म्हणजे जालना जिल्ह्यांतील असई.

केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत वसलेलें हें लहानसें खेडें. १८०३ च्या ऑगस्टांत युद्धास तोंड लागलें. अहमदनगरचा किल्ला पडला, आणि सप्टेंबरच्या आरंभीं कर्नल स्टीव्हन्सन यानें जालन्याची गढी घेतली. पुढें २१ सप्टेंबर रोजीं जनरल आर्थर वेल्स्ली व स्टीव्हन्सन यांची बदनापुरास गांठ पडली, आणि दोघांनीं दोन वाटांनीं जाऊन २४ तारखेस भोकरदनच्या बाजूस असलेल्या मराठी छावणीवर मिळून हल्ला करावा असें ठरलें. परंतु २३ तारखेसच वेल्स्लीला कळलें कीं, दौलतराव शिंदे व दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा अगदीं जवळ आहेत. त्यानें स्टीव्हन्सनची वाट न पाहतां चाल केली.

या ठिकाणीं त्यानें केलेलें एक अनुमान लक्षांत ठेवण्याजोगें आहे. नदीस दुसरा उतार नाहीं असें वाटाडे सांगत होते. वेल्स्लीनें पाहिलें कीं, पिंपळगांव व वरूड हीं दोन खेडीं नदीच्या दोन तीरांवर अगदीं समोरासमोर आहेत. तेव्हां त्यांच्यामध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. शोध करतां उतार सांपडला, आणि त्याचें सैन्य मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आलें.

आतां शस्त्रपक्षाचें म्हणणें पाहूं. इंग्रजी शिपायाच्या हातीं पथरकळेची बंदूक होती. तिची नळी ३९ इंच लांबीची व आंतून गुळगुळीत असे. रायफलीस असतात तसले पेंच तिच्यांत नसत. त्यामुळें शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणें जवळजवळ व्यर्थच. कसलेला शिपाई मिनिटास दोन-तीन बार काढी, आणि खरी भिस्त सर्वांनीं मिळून एकदम केलेल्या बारावर व त्यामागून येणाऱ्या संगिनीवर असे. पेंचदार नळीची रायफल हिंदुस्थानांतील सर्वसाधारण शिपायाच्या हातीं आली ती अर्धें शतक लोटल्यावर, आणि तिच्या काडतुसांनीं १८५७ सालीं काय केलें हें सर्वश्रुत आहे. असईस तिचा प्रश्नच नव्हता. शिंद्यांच्या कंपूंकडेही त्याच जातीच्या बंदुका होत्या. महादजींनीं द बॉयन याच्याकडून कवायती फौज उभी करविली, तेव्हांपासून आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा ओतल्या जात व बंदुका घडविल्या जात. अशा स्थितींत इंग्रजांची बंदूक सरस होती हें म्हणणें टिकत नाहीं.

तोफांच्या बाबतींत तर उलटाच प्रकार होता. मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि त्यांचा मारा इतका अचूक होता कीं, इंग्रजी तोफांचे बैल व गोलंदाज मरून त्या तोफा निकामी झाल्या. शेवटीं त्या मागें टाकून वेल्स्लीला संगिनींवर भिस्त ठेवावी लागली. उजव्या बाजूस ७४ वी हायलंडर पलटण चुकून असईच्या गांवकुसासमोर आली, तेव्हां तिची जी चाळण झाली तिचें वर्णन इंग्रज लेखकांनींच भरल्या कंठानें केलें आहे. मराठी गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहींत. कांहीं जण मेल्याचें सोंग करून पडून राहिले, आणि शत्रूची रांग पुढें निघून जातांच उठून त्यांनीं तिच्या पाठीवर तोफा डागल्या. त्या तोफा परत घेण्यासाठीं वेल्स्लीला स्वतः मागें वळावें लागलें. सायंकाळपर्यंत इंग्रजांकडील ४२८ माणसें ठार व ११३८ जखमी झालीं होतीं. मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हातीं लागल्या, आणि त्यांतील पितळी तोफा कंपनीच्या सैन्यांत चालतील इतक्या उत्तम आहेत असा निर्वाळा खुद्द वेल्स्लीनें दिला.

दुसऱ्या पक्षाची बाजू वरवर अधिक भक्कम दिसते. कारण शिंदे आपल्या जुन्या घोडदळावर विसंबले असते तर अधिक भारी पडले असते असें मत मन्रो व वेल्स्ली यांनींही दिलें आहे. परंतु शत्रूचें प्रशस्तिपत्र म्हणून तें विचारावांचून मान्य करावें कीं काय? महादजींना उत्तर हिंदुस्थानच्या सपाट मुलखांत राज्य करावयाचें होतें. १७९० सालीं पाटण व मेडता येथें त्यांना जे विजय मिळाले ते याच कवायती पलटणींच्या जोरावर. उलट यशवंतराव होळकरांनीं १८०४ सालीं मॉन्सनची दाणादाण उडविली खरी. पण त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फरुखाबादेस त्यांचें घोडदळ लेकच्या अचानक छाप्यांत सांपडून उधळलें गेलें. घोडा हा कांहीं सर्व रोगांवरील रामबाण नव्हता.

हल्लीं संगणकावर जुन्या लढाया पुन्हां लढण्याचा खेळ तरुण मंडळींत रूढ झाला आहे. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. संख्येची शिस्त बुद्धीस हितकरच असते. असईचे आंकडे मांडून पहावेत. एकीकडे प्रत्यक्ष लढण्यास उतरलेले सुमारें साडेचार हजार लोक. दुसरीकडे दहा हजारांवर कवायती पायदळ, त्याखेरीज कित्येक हजार बेकवायती पायदळ, तीस हजारांवर घोडेस्वार, आणि त्या शंभर तोफा. या आंकड्यांचा नुसता हिशेब केला तर कौल मराठ्यांकडे जावा. तो गेला नाहीं, याचा अर्थ गणित खोटें असा नसून कांहीं रकमा वहींत लिहावयाच्या राहिल्या असा आहे. जें यंत्रांत घातलेंच नाहीं तें यंत्र मोजणार कसें?

त्या राहिलेल्या रकमा राजकारणाच्या आहेत. पहिली रक्कम नेतृत्वाची. शिंद्यांच्या पलटणींचा अधिकारी पोलमन हा हॅनोव्हरचा. बगलेवर शत्रु येतांच त्यानें सबंध रांग फिरवून त्याच्यासमोर उभी केली. हें कौशल्य पाहून वेल्स्लीही चकित झाला. परंतु घोडदळावर पोलमनचा हुकूम नव्हता. तें बहुतेक पाहतच उभें राहिलें, आणि शिंदे व भोसले रण निकालास लागण्यापूर्वींच निघून गेले. दुसरी रक्कम निष्ठेची. युद्धाच्या आरंभींच गव्हर्नर जनरलनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरींतील युरोपियन अधिकाऱ्यांस, चाकरी सोडून आल्यास पेन्शन देण्याचें अभिवचन दिलें. कित्येक गेले. अलीगड पडल्यावर खुद्द सरसेनापति पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला, आणि पोलमनही पुढें कंपनीच्याच नोकरींत शिरला. भाडोत्री अधिकारी अधिक भाडें देणाऱ्याकडे जातो, यांत नवल तें काय? नवल हें कीं, इतकी मोठी फौज उभारणाऱ्या सरकारास आपल्याच माणसांतून तिचे अधिकारी तयार करण्याची निकड भासली नाहीं.

तिसरी रक्कम सर्वांत मोठी. ऑक्टोबर १८०२ मध्यें होळकरांनीं पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव वसईस पळाले आणि ३१ डिसेंबर रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. त्यानंतरच्या वर्षीं शिंदे-भोसले लढत असतां होळकर अलिप्त राहिले. होळकर लढूं लागले तेव्हां शिंदे-भोसल्यांचे तह होऊन गेले होते. आणि असईच्या दिवशीं केळणेच्या दक्षिण तीरावर, वेल्स्लीच्या बाजूनें, पेशव्यांचे स्वार उभे होते. त्या मोहिमेंत त्यांचे सरदार होते बापू गोखले व निपाणीचे आप्पा देसाई. हेच बापू गोखले १८१७ सालीं इंग्रजांविरुद्ध पेशव्यांचे सेनापति झाले आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजीं आष्टीच्या रणांत पडले. त्यांच्या शौर्याविषयीं कोणास शंका नाहीं. मात्र जें युद्ध त्यांना शेवटीं एकट्यानें लढावें लागलें, तेंच असईस सर्वांनीं मिळून लढतां आलें असतें.

असईनंतर सव्वा महिन्यानें, १ नोव्हेंबर रोजीं, लासवारीस शिंद्यांच्या उत्तरेकडील पलटणी अशाच झुंजल्या. त्यांना फ्रेंच अधिकारी लाभले असते तर निकाल संशयास्पद होता, असें जेता लेक यानें कळविलें आहे. जे गोलंदाज तोफेस मिठी मारून मेले त्यांच्या हातांत कमी होतें तें लोखंड नव्हे, आणि त्यांच्या छातींत कमी होतें तें धैर्यही नव्हे. त्यांच्या पाठीशीं एक राज्य हवें होतें. तेथें चार सरदार होते, चार खजिने होते आणि चार निरनिराळे शत्रु होते.

शस्त्रास दोष देणें सोयीचें असतें, कारण लोखंड उलट उत्तर करीत नाहीं. गनिमी काव्यासाठीं उसासे टाकणेंही सोयीचें, कारण त्यांत आपल्याच पूर्वजांचा गौरव होतो. तिसरें उत्तर मात्र आजच्या वाचकासही टोंचतें. म्हणूनच बहुधा आपण तें घाईघाईनें 'फितुरी' या एका शब्दांत गुंडाळून ठेवतों. फितूर हा व्यक्तीचा दोष आहे. असईचा दोष व्यवस्थेचा होता. शाळांतून असई शिकवितांना तोफांची संख्या अवश्य सांगावी, पण केळणेच्या पलीकडे कोण उभे होते हेंही मुलांना सांगितलें पाहिजे.