घरट्यातील पिल्लांचे छायाचित्रण : धार आणि देवासचा संदर्भ

धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची जुनी संस्थाने. आज मध्य प्रदेशात असलेल्या या दोन जिल्ह्यांत पक्ष्यांच्या विणीची दोन भिन्न रूपे आढळतात आणि घरट्यापाशी कॅमेरा नेल्यास काय घडते, हेही त्यांवरून समजते.

धार जिल्ह्यातील सरदारपूरच्या गवताळ माळावर १९८३ मध्ये खरमोर पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी २०२१ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त गणला जातो. पावसाळ्यात नर गवतातून वर उसळून मादीला आकर्षित करतो. पुढचा सारा भार मात्र मादीवर असतो. उघड्या जमिनीवरील तीन-चार अंडी ती एकटीच सुमारे २१ दिवस उबवते. ती उठली की अंड्यांना ऊन, पाऊस आणि कावळा यांपासून वाचवणारे कोणी उरत नाही. पिल्ले जन्मानंतर लवकरच आईमागे चालू लागतात. त्यामुळे घरट्यातील पिल्लांचे छायाचित्र हवे असेल, तर उबवणाऱ्या मादीलाच गाठावे लागते.

देवास जिल्ह्यातील खिवनी अभयारण्याच्या जंगलाची गोष्ट वेगळी. मध्य प्रदेशचा राज्यपक्षी दूधराज, म्हणजेच मराठीतील स्वर्गीय नर्तक, कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले वाटीसारखे घरटे बहुधा कमी उंचीवर करतो. त्याची पिल्ले आंधळी व पिसांविना जन्मतात आणि दहा-बारा दिवस घरट्यातच राहतात. नर-मादी दोघेही त्यांना भरवतात. घरटे सहज दिसावे म्हणून भोवतीची पाने छाटली, तर पिल्ले उन्हात व शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडतात. पिसे पुरती न फुटलेली पिल्ले घाबरून उडी मारतात, ती बहुधा परतत नाहीत.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या व्याख्येनुसार पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हीदेखील शिकारच ठरते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाची परवानगीही याच कायद्यान्वये घ्यावी लागते. गोव्यातील बोंडला, मोले वा चोडण येथेही हाच नियम आहे.

चोचीत भक्ष्य धरलेला पक्षी घरट्याकडे न जाता फांदीवर घुटमळत राहिला, सतत धोक्याची हाक देऊ लागला, वा मादी अंडी सोडून उठली, तर छायाचित्रकार फार जवळ आला आहे असे समजावे आणि तत्काळ मागे सरावे. लांब पल्ल्याची लेन्स वापरावी. फ्लॅश, ड्रोन आणि ध्वनिमुद्रित हाक टाळावी. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर देऊ नये. खरमोराच्या बाबतीत तर घरटे शोधूच नये. उडी मारणारा नर दुरूनही टिपता येतो आणि त्याच गवतात कुठेतरी मादी निर्धास्त बसलेली राहते.