पुण्याची ग्रंथालये आणि आपल्या पोथ्या



ज्ञानपंचमीला आपण पोथ्या बाहेर काढतो, वासक्षेप वाहतो, वेष्टन बदलतो आणि पुन्हा कपाटात ठेवतो. दिगंबर भगिनी श्रुतपंचमीला हेच करतात. कुलपात जपलेली पोथी हे ज्ञानाचे एक घर; वर्गणी भरून कोणीही घरी न्यावे असे पुस्तक हे दुसरे. आमच्या पुण्यात ही दोन्ही घरे एकमेकांना कशी भेटली, ते आज सांगते.

दुसऱ्या घरापासून सुरुवात करू. १८४८ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुस्तके आणि ती वाचू शकणाऱ्या मुली, दोन्हींची सोय एकाच वर्षी सुरू झाली याचे मला फार अप्रूप वाटते. पुढे १९११ मध्ये पुणे मराठी ग्रंथालय सुरू झाले. पेठापेठांतल्या खासगी वाचनालयांचे तर विचारूच नका! आमच्या आईच्या पिढीची दुपार त्यांच्याच कादंबऱ्यांवर जायची. त्यातली बरीचशी आता बंद पडली.

आता पोथ्यांकडे वळू. १८६० च्या दशकात मुंबई सरकारने हस्तलिखिते शोधून विकत घ्यायला सुरुवात केली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि आपले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर गुजरात-राजस्थानात हिंडले. १८७४ मध्ये ब्यूलरसाहेब हर्मन याकोबींना घेऊन थेट जैसलमेरच्या भांडारापर्यंत पोचले. कितीतरी जैन पोथ्या अशा विकत घेतल्या गेल्या. काही बर्लिनला गेल्या. सरकारी संग्रह मात्र पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहिला.

श्रावकांनी पुण्य म्हणून लिहवून घेतलेल्या पोथ्या सरकारने पैसे मोजून घ्याव्यात, हे ऐकून आमच्या सासूबाई हळहळल्या होत्या. ज्ञानाची विक्री म्हणजे आशातनाच, असे त्यांचे मत. ते मला पटते, पण निम्मेच. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक विनवतो, की पाठ मोडून, मान वाकवून हे लिहिले आहे, तेव्हा याला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. (स्वयंपाकघरात बाराखडी गिरवायला बसलेल्या नातवाला मीही हेच सांगते!) ज्या घरात पोथी ओलीने कुजत होती, तिथून ती गेली तर नुकसान कोणाचे झाले?

६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यात स्थापन झाली. भांडारकरांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह संस्थेला दिला आणि पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजातली हस्तलिखिते तिथे आली. खासगी कपाट असे सार्वजनिक झाले.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला सगळ्यात मोठे काम वाटते ते यादीचे. स्टॉकबुक नसेल तर गोदामात माल असून नसल्यासारखाच. हिरालाल रसिकदास कापडिया मूळचे गणिताचे एम. ए. त्यांनी इथल्या जैन हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची केली. तिचे खंड १९३५ पासून निघू लागले. १९४४ मध्ये याच संस्थेने प्रा. हरि दामोदर वेलणकरांचा ‘जिनरत्नकोश’ छापला. कोणत्या जैन ग्रंथाच्या प्रती कोणत्या भांडारात आहेत, हे त्यात अकारविल्हे मिळते. वेलणकर जैन नव्हते, हे मुद्दाम सांगते.

५ जानेवारी २००४ रोजी संस्थेवर जमाव चालून आला. कपाटे पाडली, पुस्तके फेकली, पोथ्या विखुरल्या. नंतर कितीतरी पुणेकर स्वतःहून पाने गोळा करायला, पुस्तके लावायला गेले. त्या विस्कटलेल्या ढिगातले काय मूळचे कुठले, हे ठरवायला यादी हाताशी होती.

आमच्या मंदिरातल्या कपाटाला अशी यादी नव्हती. विश्वस्तांना विचारले तर “सगळे सुरक्षित आहे” एवढेच उत्तर मिळाले. या चातुर्मासात आम्ही तिघी जणी दर गुरुवारी दुपारी बसतो. नाव, पाने, संवत, लिहवून घेणाऱ्याचे नाव असे चार रकाने आखले आहेत. आजवर सदतीस पोथ्या झाल्या. त्यातल्या पाच बायकांनी लिहवून घेतलेल्या आहेत.